कंप्युटर चालू होत नाही? ‘मदरबोर्ड गेला’ ऐकण्याआधी घरीच करायच्या तपासण्या

घरचा कंप्युटर बंद पडला की मुंबईत दोन निदानं हमखास ऐकायला मिळतात. ‘मदरबोर्ड गेलाय’ किंवा ‘फॉरमॅट मारावा लागेल’. पहिलं खिशाला झेपत नाही आणि दुसऱ्यात बारशापासूनचे फोटो जातात. कधीकधी ती खरीही असतात. पण कॅबिनेटचं झाकण उघडण्याआधीच कोणी ती ऐकवत असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा आणि खालच्या तपासण्या स्वतः करा. बहुतेकांना एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. हा लेख मुख्यतः असेंबल केलेल्या डेस्कटॉपबद्दल आहे. लॅपटॉपचं वेगळं काय, ते शेवटाकडे आहे.

आधी कुठे अडकलंय ते ठरवा

बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत सगळं ठरलेल्या क्रमाने घडतं. भिंतीतली २३० व्होल्टची वीज एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात, जाते आणि तिथून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट बाहेर पडतात. मग मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, जागा होतो. प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स ठीक आहेत ना, हे बायोस, म्हणजे मदरबोर्डमधला सुरुवातीचा प्रोग्राम, तपासतो आणि मगच पडद्यावर काहीतरी उमटतं. त्यानंतर डिस्क शोधली जाते आणि डिस्कवरून विंडोज वर येतं. लोकल बंद पडली की आपण पहिल्यांदा विचारतो, ‘कुठल्या दोन स्टेशनांच्या मध्ये?’ इथेही तोच प्रश्न विचारायचा.

बटण दाबल्यावर दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही, तर अडचण विजेच्या वाटेवर आहे. पंखे फिरतात पण पडदा काळा, तर रॅम, ग्राफिक्स, मॉनिटर यांच्यापैकी कोणीतरी. कंपनीचा लोगो येतो आणि मग काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ, तर डिस्क किंवा बायोसची सेटिंग. विंडोजचं गोल चक्र फिरत राहतं किंवा निळा (नव्या विंडोज ११ वर काळा) एररचा पडदा येतो, तर तोपर्यंतचं बरंचसं हार्डवेअर आपलं काम करतंय. या शेवटच्या प्रकारात कोणी एसएमपीएस बदलायला सांगितला तर त्याला कारण विचारा.

एक नियम शेवटपर्यंत पाळा: एका वेळी एकच बदल करायचा आणि पुन्हा चालू करून बघायचं. रॅम, सेल, केबल असं सगळं एकदम हलवलं आणि मशीन चालू झालं, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हात घालण्याआधी

प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण जुन्या इमारतींमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असू शकतात. मग स्विच बंद असतानाही आत फेज येतच राहतो. प्लग काढल्यावर कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलेली वीज निघून जाईल. पायात चप्पल, हात कोरडे, फरशी कोरडी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत यातलं तिसरं जमवणं सगळ्यात अवघड असतं.

एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडायचा नाही. त्याच्या आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. बाकीचा कंप्युटर फारसा जीवघेणा नाही, हा एक भाग आहे.

स्थिर विजेची फार धास्ती घेऊ नका. मुंबईच्या दमट हवेत ती कमीच साठते. तरी रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा स्पर्श करा, विशेषतः एसीच्या खोलीत बसला असाल तर. आणि कुठलीही वायर काढण्याआधी मोबाइलने आतले दोन-तीन फोटो काढून ठेवा. नंतर कुठली पिन कुठे होती हे आठवत बसावं लागत नाही.

काहीच हालचाल नाही

सुरुवात भिंतीपासून. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर किंवा टेबललॅम्प लावून बघा. तो लागत नसेल तर एमसीबी पडलाय का, शेजाऱ्यांकडे वीज आहे का ते पाहा. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण, ज्याची वीज असेल त्याच्या हेल्पलाइनवर विचारायचं. मुंबईची वीज एरवी भरवशाची. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्खं शहर अंधारात गेलं ते इतकं लक्षात राहिलं, कारण असं क्वचितच होतं. त्यामुळे ‘व्होल्टेजमुळे जळलं’ हे कारण इथे जरा तपासून घ्यावं.

सॉकेट ठीक असेल तर यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही बाजूला ठेवून कंप्युटरची केबल थेट भिंतीत लावा. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि ती साधारण दोन-तीन वर्षांत दम तोडते. बॅटरी पूर्ण मेली की अनेक यूपीएस भिंतीत वीज असूनही चालूच होत नाहीत. आपण कंप्युटरला दोष देत बसतो आणि आजारी असतो शेजारचा डबा.

मग पॉवर केबल. मॉनिटरची आणि कॅबिनेटची केबल बहुधा एकाच प्रकारची असते, तेव्हा अदलाबदल करा. एसएमपीएसच्या मागे छोटा स्विच असतो, तो ‘शून्य’ या खुणेकडे तर नाही ना? झाडू मारताना, कॅबिनेट सरकवताना तो सहज दबतो.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर बाजूचं झाकण उघडा आणि प्लग लावून मदरबोर्डवर बारीक दिवा दिसतो का बघा. अनेक बोर्डांवर तो असतो. तो लागला म्हणजे एसएमपीएसकडून निदान पाच व्होल्टची स्टँडबाय वीज पोचतेय. मग संशय समोरच्या बटणावर. मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात बारीक पिनांचा झुबका असतो, त्यात ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलेल्या दोन पिना शोधा. त्यांवरची वायर काढून स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोनच पिना क्षणभर जोडा. मशीन चालू झालं तर बटण खराब. तेवढ्यापुरता उपाय म्हणजे रिसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावायची आणि रिसेट दाबून कंप्युटर चालू करायचा. अनेक घरांत ही ‘तात्पुरती’ सोय वर्षानुवर्षं चालते.

बोर्डावर दिवा नाही किंवा पिना जोडूनही काही होत नाही, तर एसएमपीएसची परीक्षा. प्लग काढा आणि एसएमपीएसच्या सगळ्या केबली आतून सोडवा. २४ पिनांच्या मोठ्या जोडणीत एकच हिरवी वायर असते. कागदाला लावायची पिन सरळ करून, मध्ये चिकटपट्टी गुंडाळून, हिरव्या वायरचं भोक आणि कुठल्याही काळ्या वायरचं भोक जोडा. हात बाजूला घ्या, मग प्लग लावून मागचा स्विच चालू करा. एसएमपीएसचा पंखा फिरला तर त्यात जीव आहे. काही महागड्या एसएमपीएसमध्ये भार नसताना पंखा मुद्दाम बंद ठेवलेला असतो, म्हणून मल्टिमीटर असेल तर खात्री करून घ्या. पिवळी वायर आणि काळी यांच्यात ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल आणि काळीत ४.७५ ते ५.२५, नारिंगी आणि काळीत साधारण ३.१ ते ३.५. सगळ्याच वायरी काळ्या असलेला एसएमपीएस असेल तर अंदाजाने पिन खुपसू नका, दुकानात नेऊन टेस्टरवर लावून घ्या.

या परीक्षेची एक मर्यादा आहे. त्यात नापास झालेला एसएमपीएस नक्की गेलेला असतो, पण पास झालेला चांगला असेलच असं नाही. पंखा फिरवायला कितीशी ताकद लागते? प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचा भार आला की तो बसू शकतो. म्हणून शंका राहिली तर मित्राचा चालता एसएमपीएस तासभरासाठी लावून पाहणं हाच खरा निकाल.

नवा घ्यायचा झालाच तर डब्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्यावर जाऊ नका. स्वस्त एसएमपीएसवर ४५० लिहिलेलं असतं आणि हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो. ८० प्लसचा (वीज कमी वाया घालवण्याचा) शिक्का आणि निदान तीन वर्षांची वॉरंटी असलेला घ्या. सबंध मशीनमध्ये काटकसर करू नये अशी जागा निवडायची तर मी हीच निवडेन.

चालू होतो आणि लगेच बंद पडतो

चार-पाच सेकंदांनी बंद होत असेल तर आधी पॉवर बटण दाबल्यावर परत वर येतंय का बघा. बटण साधारण चार सेकंद दाबून धरलं की मशीन जबरदस्तीने बंद होतं, ही रचनाच आहे. धूळ आणि दमटपणाने चिकट झालेलं बटण आत अडकून राहतं आणि नेमकं हेच करतं. वायर काढून स्क्रू-ड्रायव्हरने चालू केल्यावर मशीन टिकलं तर निकाल लागला.

पाव मिनिट किंवा मिनिटभर चालून बंद होत असेल तर प्रोसेसरचा पंखा. इंटेलच्या जुन्या कूलरला चार प्लॅस्टिकचे पाय असतात आणि त्यातला एखादा बोर्डातून सुटलेला सापडतो. कूलर नीट बसलेला असेल तर खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप, सुकली असेल. जुनी पूर्ण पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावायची. एएमडीच्या जुन्या सॉकेटमधून कूलर काढताना सरळ वर ओढू नका. मशीन चालू होण्याइतकं ठीक असेल तर आधी थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून, प्लग काढून, कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. नाहीतर प्रोसेसरच पिनांसकट वर येतो.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

दुकानाच्या भाषेत ‘नो डिस्प्ले’. सगळ्यात जास्त सापडणारी तक्रार हीच आणि सगळ्यात जास्त मदरबोर्ड हकनाक इथेच ‘जातात’. म्हणून इथे घाई करायची नाही.

पहिल्यांदा मॉनिटर. त्याची कंप्युटरकडे जाणारी केबल काढली की बहुतेक मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येतं. काहीच येत नसेल तर त्याची वीज किंवा तो स्वतःच बंद आहे. येत असेल तर मॉनिटरच्या बटणांनी इनपुट तपासा. मुलांनी प्लेस्टेशन लावून दुसऱ्या एचडीएमआयवर ठेवलेला असतो. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्याच मागे हवी. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये आणि रायझनच्या अनेक जुन्या ‘जी’ नसलेल्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, मदरबोर्डच्या एचडीएमआयमधून त्यात काहीच बाहेर पडत नाही.

आता कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? होत असेल तर मशीन आतून पूर्ण चालू आहे, फक्त दिसत नाहीये. मग मॉनिटर, केबल, ग्राफिक्स कार्ड एवढ्यातच शोधा. फुकटची तपासणी आहे आणि बहुतेक लोक ती विसरतात.

दिवा हलत नसेल तर मदरबोर्ड काय सांगतोय ते पाहा. अलीकडच्या बऱ्याच बोर्डांवर ‘सीपीयू’, ‘डीरॅम’, ‘व्हीजीए’, ‘बूट’ असे चार बारीक दिवे असतात. ज्याच्यावर दिवा थांबला, तिथे अडलं. जुन्या बोर्डांवर स्पीकर असेल तर बीप मोजा. त्यांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात, पण थांबून थांबून येणारे लांब बीप बहुधा रॅमचे आणि एक लांब, दोन-तीन छोटे बहुधा ग्राफिक्सचे. बोर्डाचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या पुस्तिकेत खात्री करा.

मुंबईत मात्र बीप मोजण्याआधीच मी रॅम काढायला सांगेन. गणपतीला दहा दिवस गावी जाऊन आलं आणि कंप्युटर डिस्प्ले देईना, ही तक्रार दर वर्षी ठरलेली. भाद्रपदातली दमट, समुद्राकडची खारी हवा, बंद खिडक्या आणि बंद मशीन. चालू असताना आतल्या उष्णतेने ओल टिकत नाही. बंद पडून राहिलं की आतली धूळ ओल शोषते आणि रॅमच्या पट्ट्यांवर अगदी पातळ थर चढतो. काही तुटलेलं नसतं, फक्त संपर्क नीट होत नाही.

प्लग काढून स्लॉटच्या टोकांच्या क्लिपा बाहेर ढकला, रॅम सुटेल. सोनेरी पट्ट्यांना बोटं न लावता पांढऱ्या पेन्सिल-खोडरबरने दोन्ही बाजूंनी हलकेच घासा. कचरा स्लॉटपासून लांब झटका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर मऊ कापडावर घेऊन पुसा, ते खोडरबरापेक्षा चांगलं. तुळशीसमोरचा कापूर विरघळवलेलं तेल, सेंट, सॅनिटायझर हे प्रयोग नकोत. स्लॉटमध्ये कोरडा, मऊ रंगाचा ब्रश फिरवा, फुंकर मारू नका, तोंडातली वाफच आत जाते.

परत लावताना एकच रॅम लावा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा. रॅममधली खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी दाबा, ‘टक्’ आवाज येईपर्यंत. नवख्या माणसाला वाटतो त्याहून जास्त जोर लागतो. डिस्प्ले आला नाही तर तीच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी रॅम पहिल्या स्लॉटमध्ये. एकच रॅम खराब की एकच स्लॉट, हे यातूनच कळतं. डीडीआर ५ रॅम असलेल्या नव्या मशीनवर रॅम हलवल्यावर पहिला डिस्प्ले यायला काही मिनिटं लागू शकतात. बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो. पाच-दहा मिनिटं थांबा, मधेच बंद करू नका.

रॅमने काम झालं नाही तर बोर्डावरचा नाण्याएवढा सेल. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानात मिळतो. २.८ व्होल्टच्या खाली गेला असेल तर बदलाच. प्लग काढून सेल पाच मिनिटं बाहेर ठेवला की बायोसची सेटिंग मूळ अवस्थेत येते आणि चुकीच्या सेटिंगमुळे अडकलेलं मशीन मोकळं होतं. पण त्याआधी एक खबरदारी घ्या: विंडोज ११ च्या अनेक मशीनवर डिस्क विंडोजच्याच बिटलॉकर या सोयीने आपोआप कुलूपबंद असते, आणि बायोस बदलला की ती ४८ आकडी किल्ली मागू शकते. ती किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून खात्यात शिरून ती आधी कागदावर उतरवा, मग सेलला हात लावा.

तरीही काळाच? मग मशीन उतरवत न्यायचं. ग्राफिक्स कार्ड (प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तरच), सगळ्या डिस्का, पेनड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम सगळं काढा. प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि एसएमपीएस एवढंच ठेवा. प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी पॉवर जोडणी घट्ट आहे ना बघा. ती सुटली तर पंखे मजेत फिरतात आणि पुढे काहीच होत नाही. एवढ्यावर डिस्प्ले आला तर काढलेली एकेक वस्तू परत लावत जा. ज्या वस्तूने पडदा पुन्हा काळा होईल ती दोषी.

याच वेळी टॉर्च घेऊन बोर्ड नीट पाहून घ्या. कॅपॅसिटरची डोकी फुगलेली, काळा डाग, हिरवट गंज, उंदराने कुरतडलेली वायर. जळका, कुबट वास येत असेल तर एसएमपीएसच्या जाळीतून आत डोकावा. पाल किंवा झुरळ आत शिरून चिकटलेलं असणं मुंबईत अजिबात दुर्मीळ नाही. असा एसएमपीएस साफ करायच्या भानगडीत पडू नका, बदला.

पाणी शिरलं असेल तर

तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी हे वेगळं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा अनेक घरांत जमिनीवरच्या कॅबिनेटमध्ये गटाराचं पाणी गेलं. तेवढा पाऊस दर वर्षी होत नाही, पण हिंदमाता, मिलन सबवेच्या आसपास गुडघाभर पाणी नवीन नाही. मशीन पाण्यात गेलं असेल तर ‘चालू होतंय का बघू’ हा मोह टाळा. घराचा मेन स्विच बंद करा, मग प्लग काढा, सेल काढा. बोर्ड आणि कार्ड स्वच्छ पाण्याने आणि मग आयसोप्रोपिलने धुऊन पंख्याखाली कित्येक दिवस वाळवले तर कधीकधी वाचतात. एसएमपीएस सरळ टाकून द्या. हार्ड डिस्कला वीज देऊ नका, उघडू नका, तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. आणि पुढच्या वेळेसाठी कॅबिनेट नुसतं पाटावर नको, उंच स्टुलावर ठेवा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती अर्थिंग नसल्याची खूण. एसएमपीएसच्या आतले फिल्टर थोडी वीज धातूच्या अंगावर सोडतात आणि अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते. जुन्या चाळींमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे वायरच नसते. कंप्युटरवाल्याला नको, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ

‘नो बूटेबल डिव्हाइस’, ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ असलं काही आलं तर आधी सगळे पेनड्राइव्ह काढा. मग मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ २ दाबत राहून बायोसमध्ये शिरा आणि डिस्कचं नाव दिसतं का बघा.

नाव दिसत असेल तर बहुधा बूटचा क्रम, म्हणजे विंडोज कुठल्या डिस्कवरून सुरू करायचं ते, चुकलाय. बायोसमधली तारीख चार-पाच वर्षं मागे गेली असेल तर सेल संपला, सेटिंग पुसली गेली आणि बूटची पद्धत ‘यूईएफआय’ची ‘लेगसी’ किंवा उलटी झाली, हा बहुधा सगळा प्रकार. सेल बदला, पद्धत पूर्वीसारखी करा. फॉरमॅटची गरज नाही.

नाव दिसत नसेल तर डिस्क आणि मदरबोर्ड जोडणारी साटा केबल दोन्ही टोकांनी काढून लावा, दुसरी असेल तर बदला. मदरबोर्डवरच बसणारी पट्टीसारखी एम.२ एसएसडी असेल तर तिचा स्क्रू काढून ती परत बसवा. जुन्या हार्ड डिस्कमधून ठराविक अंतराने ‘टक्... टक्...’ येत असेल तर लगेच बंद करा. प्रत्येक वेळी चालू केल्याने आतला डेटा आणखी जातो. त्यातले फोटो महत्त्वाचे असतील तर इथे तुमचं काम संपलं, पुढे रिकव्हरीवाला.

विंडोज अर्ध्यात अडकतं

लोगो आल्यावर पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा मेनू देतं. त्यात ‘ट्रबलशूट’, मग ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’. क्रम असा ठेवा: आधी ‘स्टार्टअप रिपेअर’. नाही जमलं तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधून नुकतंच आलेलं क्वालिटी अपडेट काढा. मग ‘सेफ मोड’. सेफ मोडमध्ये चालू झालं तर नवा ड्रायव्हर किंवा नवं सॉफ्टवेअर दोषी, ते काढून टाका. नंतर ‘सिस्टिम रिस्टोअर’. एखाद्या सॉफ्टवेअरच्या फाइलने निरोगी मशीन कसं झोपतं ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली आणि एकाचंही हार्डवेअर बिघडलेलं नव्हतं.

यातलं काही चाललं नाही तरी फाइली वाचवता येतात. दुसऱ्या कंप्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबंटूचा पेनड्राइव्ह तयार करा, त्यावरून मशीन चालू करा आणि इन्स्टॉल न करताच फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. बिटलॉकर असेल तर ती ४८ आकडी किल्ली इथेही लागेल. फाइली हातात आल्यावर मग ‘रिसेट धिस पीसी’ करा किंवा फॉरमॅट मारा, कोणी अडवणार नाही.

लॅपटॉप असेल तर

चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून चालू करा. यात बरेच ‘मेलेले’ लॅपटॉप उठतात. पडदा काळा असेल तर अंधारात टॉर्चचा उजेड तिरपा टाका; पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट गेलाय, आणि टीव्हीला एचडीएमआयने जोडून काम चालवता येईल. टचपॅड वर आलाय किंवा झाकण नीट मिटत नाही, तर बॅटरी फुगलीय. चार्ज करू नका, टोचू नका, दाबून बसवू नका. थेट सर्व्हिस सेंटरला न्या.

बाहेर न्यायची वेळ आली तर

सगळं कॅबिनेट उचलून नेण्याची गरज क्वचितच असते. आता तुम्हाला संशयित माहीत आहे, तेव्हा तेवढाच भाग न्या. रॅम किंवा एसएमपीएस तपासायला लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत जाण्याइतका जवळ. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. पूर्ण कॅबिनेट न्यावंच लागलं तर दुपारची गाडी आणि लगेजचा डबा. जड ग्राफिक्स कार्ड आधी काढून वेगळं गुंडाळा, धक्क्यांनी स्लॉट मोडतो.

देण्याआधी डिस्क काढून घरी ठेवा. नो डिस्प्लेच्या दुरुस्तीला तुमची डिस्क लागत नाही. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड यांच्या सिरियल नंबरचे फोटो काढा, पावतीवर ते नंबर लिहून मागा आणि बदललेला जुना भाग परत हवा असं आधीच सांगा. ‘डिस्प्ले येत नाही, दोन्ही रॅम दोन्ही स्लॉटमध्ये लावून पाहिल्या, सेल बदलला, डीरॅमचा दिवा लागतो’ एवढं सांगितलंत की समोरचा माणूस वेगळ्या सुरात बोलायला लागतो.

आणि मदरबोर्ड खरंच गेला असेल तर? प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर जुन्या बोर्डावर मोठा खर्च करू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्या मशीनवर अधिकृतपणे चालत नाही. वापरलेला बोर्ड स्वस्तात मिळाला तर लिनक्स टाकून घरच्या कामाला लावता येईल. नाहीतर डिस्क, रॅम, कॅबिनेट, मॉनिटर यातलं नव्याला चालेल ते ठेवा आणि उरलेलं भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरकडे द्या.